खिशातला किल्ला

खिशात मावणारा खेळाचा संगणक घडवावयाचा, तर त्याला कळफलक द्यावा की नाही? हा प्रश्न वरवर यंत्रविद्येचा दिसतो. मला तो नीतीचा वाटतो. उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढे उभा असता दिवाळीतले मातीचे किल्ले मला आठवले. मूल किल्ला आधी रचते, मग त्यावर खेळते. बुरूज ढासळला तर पुन्हा लिंपते.

1989 च्या ‘गेम बॉय’वर दिशांची एक कळ व चार बटणे होती. खेळावयास ती पुरेशी. नवा खेळ रचावयास नव्हेत. कळफलक जोडला की पडदा आक्रसतो, किंमत वाढते, अंगठ्याखाली कळा दाटतात. ही अडचण मी हलकी मानीत नाही. तथापि तो वगळणे म्हणजे मुलाने दुसऱ्याचाच किल्ला लढवावा, असे परस्पर ठरविणे होय. हा अधिकार कारागिराला कोणी दिला?

खेळ रचण्याची भाषा बहुधा रोमन अक्षरांची असते. तरी कळांवर देवनागरीही हवीच. 1991 मध्ये प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे आहेत. दोन अंगठ्यांना ही वाटणी सोयीची पडावी. जोडाक्षरांसाठी मात्र कळा अधिक दाबाव्या लागतील. किल्ल्याची माती तासन्‌तास कालविणारे मूल तेवढ्याने कंटाळेलसे मला वाटत नाही.