चढणाऱ्याला वाट

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र २:१–११



बेळगावहून सावंतवाडीकडे जाताना आंबोली मागे पडली की घाट सुरू होतो. एका अंगास कातळ, दुसऱ्या अंगास दरी आणि सगळीकडे दाट जंगल. पावसाळ्यात कड्यावरून धबधबे रस्त्याच्या अगदी कडेला कोसळतात, आणि धुके उतरले म्हणजे समोरचे वळणही दिसत नाही. असा प्रवास करून आलेला मनुष्य, “देवाची करणी किती थोर!” असे म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हा रस्ता आपणांस आणखी एक धडा शिकवतो, तो थांबण्याचा.

घाटाचा एक जुना नियम आहे. रस्ता अरुंद असून दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने बाजूस थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. आपल्या देशाच्या वाहतुकीच्या नियमांतही तो आहे. त्याचे कारण साधे आहे. भरलेला ट्रक चढावर थांबला की पुन्हा हलवणे कठीण. तो मागे सरकण्याचे भय असते. उतरणाऱ्याला पुन्हा निघण्यास तितके कष्ट पडत नाहीत. तेव्हा कोणाची गाडी मोठी, कोणाला घाई अधिक, हे येथे विचारले जात नाही. चढ कोणाला आहे, एवढेच पाहिले जाते.

आपल्या शास्त्रपाठात पौल प्रभू येशूविषयी हेच सांगतो. तो देवाच्या स्वरूपाचा असूनही आपल्या थोरवीला चिकटून राहिला नाही. त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, आणि वधस्तंभावरील मरणापर्यंत तो खाली उतरला. पापाच्या ओझ्याखाली धापा टाकणाऱ्या आपणांसाठी तो उतरला. त्याने आपल्याला वाट दिली, एवढेच नव्हे, तर तो स्वतःच आपली वाट झाला. अशा प्रभूचे म्हणवणाऱ्यांनी त्याच्यासारखी चित्तवृत्ती ठेवावी, अशी पौलाची विनंती आहे.

आपल्या मंडळीत आज चढावर कोण आहे? घरात आजारी माणूस असल्यामुळे उपासनेला नेहमी उशिरा येणारी भगिनी असेल. नोकरीसाठी वणवण करणारा तरुण असेल. प्रार्थनासभेत अडखळत प्रार्थना करणारा नवा विश्वासू असेल. ज्यांचे दिवस सोपे चालले आहेत, त्यांनी अशांच्या मागे हॉर्न वाजवू नये. थोडे थांबावे, आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे.

घाटात चढणारे आणि रस्ता ओलांडणारे केवळ मनुष्यच नसतात. आंबोलीच्या परिसरात ‘आंबोली टोड’ नावाचा एक बेडूक आहे. जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा हा जीव स्वतंत्र जाती म्हणून २००९ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडला. सह्याद्रीच्या या लहानशा पट्ट्याबाहेर तो आढळत नाही, आणि आज तो अति संकटग्रस्त जातींत गणला जातो. पहिल्या पावसात हे बेडूक बाहेर पडतात आणि कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांची गर्दीही होते, आणि कित्येक बेडूक चाकांखाली चिरडले जातात. वर धबधब्याकडे पाहून देवाची स्तुती करावी, आणि खाली त्याच्याच हातची निर्मिती चिरडावी, हे कसे शोभेल? दोन दमड्यांना पाच विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभूने सांगितले (लूक १२:६). त्या बेडकाचा तरी पडेल काय? एदेन बाग मनुष्याच्या हाती दिली ती मशागत करण्यासाठी आणि राखण्यासाठी (उत्पत्ती २:१५). पाहुणा म्हणून जंगलातून जातानाही राखण्याचे हे काम सुटत नाही.

म्हणून मंडळीची सहल घाटात जाईल तेव्हा काही गोष्टी ठरवूनच निघावे. पावसाळी रात्री शक्यतो घाटातून जाऊ नये, जावेच लागले तर अगदी सावकाश जावे. माकडांना खाऊ टाकू नये. त्या सवयीने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या परत घरी आणाव्या. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना झाडे-पक्षी दाखवावेत, आणि त्याबरोबर हेही विचारावे, “आज आपण कोणासाठी थांबलो?” या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला देता आले, त्याला फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय पुष्कळ समजला असे म्हणावे.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांसाठी खाली उतरलास. आमची वाट सोपी असेल तेव्हा थांबण्याची बुद्धी दे, आणि अवघड असेल तेव्हा तू आमच्या पुढे चाल. आमेन.