परवाना : हक्क की ठेव?

काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी धर्मग्रामातील एक भगिनी मला भेटावयास आली. तिचा पती टेम्पो चालवीत असे. नशेत वाहन चालविताना तो वारंवार पकडला गेला होता आणि परवाना का काढून घेऊ नये, अशी नोटीस घरी आली होती. "फादर, त्यांना व्यसन नाही, एवढंच दोन ओळींत लिहून द्या. टेम्पो उभा राहिला तर आमची चूल पेटायची नाही," ती म्हणाली. दयेपोटी असे पत्र द्यावे काय?

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९ सांगते की, जो सराईत मद्यपी आहे अथवा अमली पदार्थांच्या आहारी गेला आहे, त्यास परवान्यासाठी अपात्र ठरविता येते. मात्र तत्पूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क घेऊन वाहन चालविणे हा तर कलम १८५ अन्वये गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांवर नेला. सहा महिन्यांपर्यंतचा कारावासही होऊ शकतो.

परंतु नशेत मनुष्याला भानच नसते. मग दोष कोणाचा? न पिणे त्याच्या हाती होते, असे ॲरिस्टॉटलचे उत्तर आहे. संत थॉमस अक्वायनसही म्हणतात की, आधीचे पिणे स्वेच्छेचे व सदोष असेल, तर पुढील पापाला नशेची सबब पुरेशी होत नाही. यावर कोणी म्हणेल, व्यसन हा आजार आहे. पेला नाकारण्याची शक्तीच त्याच्यात उरलेली नाही. हे मान्य केले तर त्याचा दोष हलका होतो, हे खरे. पण ज्याची इच्छाशक्ती त्याच्या हाती नाही, त्याच्या हाती चाक तरी कसे द्यावे? दोष जितका कमी, तितकी अपात्रता अधिक! परवाना हे सद्वर्तनाचे बक्षीस नव्हे. रस्त्यावरून शाळेला निघालेल्या अनोळखी बालकाने आपल्यापाशी ठेवलेली ती ठेव आहे.

काना गावच्या लग्नात प्रभूने द्राक्षारस दिला; तेव्हा पेय स्वतः पापी नव्हे. परंतु नशेने वा वेगाच्या हव्यासाने इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे, असे १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. तेथे अपघात घडण्याची वाट पाहिलेली नाही. आणि मांडवात आग्रहाने पेला भरून, निघताना "सावकाश जा हं" म्हणणारे आपण सारे? व्हॅटिकनने २००७ मध्ये वाहनचालकांसाठी दिलेल्या दहा आज्ञांपैकी एक आपल्यालाच उद्देशून आहे : जो चालविण्याच्या स्थितीत नाही, त्याला प्रेमाने थांबवा.

मी ते पत्र दिले नाही. सुनावणीस मात्र त्याच्यासोबत गेलो. परवाना गेला, आणि ती भगिनी कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. त्या घरी धान्य पोहोचविणे हे आम्हा धर्मग्रामाचे कर्तव्य होते. खोट्या दोन ओळी लिहिण्यापेक्षा ते महाग होते. दया बहुधा महागच असते.