गेलेल्या विद्यार्थ्यांचें स्मरण

शिष्यानें गुरूचें स्मरण करावें ही आपल्याकडील जुनी रीत आहे, आणि ती स्वाभाविकही आहे. कारण सृष्टिक्रमाप्रमाणें गुरु आधीं जातो व शिष्य मागें राहतो. हा क्रम उलटला आणि शिष्यच पुढें निघून गेला, तर गुरूनें काय करावें, याला आपल्या रूढ आचारांत जागा नाहीं. बाप मुलासाठीं रडतो, तें रडणें जगाला समजतें. शिक्षकाचें तसें नाहीं. त्याच्या हाताखालून दरवर्षीं शेंदोनशें मुलें जातात. त्यांतला एखादा गेल्याची वार्ता चार-पांच वर्षांनीं केव्हां तरी, लग्नाच्या पंक्तीला बसलें असतां कानांवर येते. "अरेरे, मोठा चांगला मुलगा होता" असें आपण म्हणतों, आणि तोंच वाढणारा पुढें येतो.

या विषयाचा नीट विचार करण्याचा प्रसंग मजवर नुकताच आला. आमच्या कॉलेजच्या महोत्सवानिमित्त एक स्मरणिका काढावयाची ठरली आणि दिवंगत माजी विद्यार्थ्यांसंबंधीचा भाग माझ्याकडे सोंपविण्यांत आला. समितींत पहिल्याच दिवशीं दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, ज्यांनीं लौकिक मिळविला अशाच पंचवीस-तीस जणांचीं चरित्रें द्यावीं. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, जेवढीं नांवें मिळतील तेवढीं सर्व द्यावीं. मी पहिल्या पक्षाचा होतों, हें कबूल केलें पाहिजे.

त्या पक्षाची बाजू पोकळ नाहीं. स्मरण हें मृतांसाठीं नसून जिवंतांसाठीं आहे. तरुणांपुढें उदाहरण ठेवणें हा त्याचा हेतु. आणि उदाहरण म्हटलें कीं निवड आलीच. हजार नांवांची यादी कोणी वाचीत नाहीं, आणि जी वाचली जात नाहीं ती स्मरण करून देते असें कसें म्हणावें? ही विचारसरणी मला निरुत्तर करणारी वाटे. पण तिच्या समर्थनार्थ उदाहरण शोधूं लागलों, आणि जें सांपडलें तें उलटच अंगावर आलें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व १८६२ सालीं बी. ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडींत चौघे होते. त्यांतले महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हीं नांवें महाराष्ट्रांत शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतात. उरलेले दोघे कोण, असें मीं समितींतल्या सहा सुशिक्षित गृहस्थांना विचारलें. एकालाही सांगतां आलें नाहीं. ते दोघे म्हणजे वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. एकानें आपलें आयुष्य शिक्षणाच्या कामांत वेचलें, दुसऱ्यानें वकिलींत. प्रार्थनासमाजाच्या आरंभींच्या कार्यांत दोघांचाही हात होता. त्यांचीं आयुष्यें वायां गेलीं असें कोण म्हणेल? एकाच बाकावर बसून, त्याच दिव्याखालीं, तींच पुस्तकें वाचून चौघे एकदम उत्तीर्ण झाले, आणि दीडशें वर्षांच्या आंत लोकांच्या स्मरणांतून निम्मे गळाले. जेथें पहिल्या चौघांची ही कथा, तेथें पुढच्या हजारोंचें काय? लौकिक ही चाळणी मोठ्या भोकांची आहे, आणि तिच्यांतून खालीं पडतें तें सगळें कोंडाच असतें असें नाहीं.

अशा मनःस्थितींत असतां मला एक पत्र आलें. लिहिणारे गृहस्थ एका खेडेगांवांतले सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक असून ऐंशीच्या घरांतले होते. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" या जुन्या मायन्यानंतर मजकूर इतकाच होता: "आपल्या कॉलेजच्या गेलेल्या विद्यार्थ्यांचीं नांवें छापणार असल्याचें समजलें. आमचा मुलगा आपल्या येथें दीड वर्ष होता. तो पदवीपर्यंत पोंचला नाहीं. त्याचें नांव यादींत बसतें कीं नाहीं, एवढेंच कळवावें. बसत नसल्यास आम्हीं वाईट वाटून घेणार नाहीं."

नांव वाचून मला कांहींच आठवलें नाहीं. कचेरींतून त्या वर्षाचा हजेरीपट मागविला. नांव होतें, त्यावर लाल शाईची आडवी रेघ होती, आणि रेघेच्या टोकाशीं माझी सही होती.

मग हळूहळू सर्व आठवलें. मुलगा पहांटे वर्तमानपत्रें टाकीत असे आणि संध्याकाळीं एका किराणा दुकानांत हिशेब लिहीत असे. पहिल्या तासाला तो बहुधा गैरहजर असे, आणि आला तर पेंगत असे. दुसऱ्या वर्षीं फी थकली, हजेरीही भरेना. नियमाप्रमाणें नांव काढावें लागलें. तो माझ्या खोलींत येऊन उभा राहिला. मीं त्याला नियम समजावून सांगितला. "बरं आहे, सर," म्हणून तो निघून गेला. पुढच्या पावसाळ्यांत गांवीं काविळीनें तो वारला, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें होतें. आणि वर सांगितलेल्या रीतीप्रमाणें मीं "अरेरे" असें म्हटलेंही होतें.

आणखी एक गोष्ट आठवली. मी तर्कशास्त्र शिकवितों. सर्व माणसें मर्त्य आहेत. सॉक्रेटिस माणूस आहे. म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे, हें उदाहरण मीं आजवर किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. एके दिवशीं तास संपल्यावर हा मुलगा माझ्यामागून व्हरांड्यांत आला आणि म्हणाला, "सर, सॉक्रेटिस मर्त्य आहे हें ठाऊक नसतांना, सर्व माणसें मर्त्य आहेत असं आपण कशावरून म्हटलं? आणि ठाऊक असेल, तर मग सिद्ध काय केलं?" जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत नेमका हाच आक्षेप घेतला आहे, त्यासाठीं त्यानें त्या वेळीं हयात असलेल्या वेलिंग्टनच्या ड्यूकचें उदाहरण घेतलें होतें. मिलचें नांवही न ऐकलेल्या, अर्धवट झोंपेंतल्या या मुलानें तोच प्रश्न स्वतःच्या बुद्धीनें गांठला होता. मीं काय उत्तर दिलें? "पुढच्या वर्षीं मिल नेमलेला आहे, तेव्हां कळेल." पुढचें वर्ष त्याच्या वांट्याला आलें नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, या मुलाचें नांव छापल्यानें त्याला काय मिळणार? एपिक्यूरसच्या मतें जेथें मृत्यु आहे तेथें आपण नसतों, आणि जो नाहीं त्याला मान काय आणि अपमान काय? हें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे. अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागांत हा प्रश्न घेतला आहे. मागें राहिलेल्या आप्तांच्या सुखदुःखाचा मृतांना स्पर्श होत असेल, पण तो अत्यल्प असला पाहिजे, असा कांहींसा संकोचलेला निर्णय त्यानें दिला. माणसांचा या बाबतींतला विश्वास अगदीं झिडकारून टाकणें त्या थोर बुद्धीलाही जड गेलें, एवढें त्यावरून दिसतें.

पण मला वाटतें, मृताला काय मिळतें हा प्रश्नच येथें गैरलागू आहे. ऋणको ऋण फेडतो तें धनकोला त्या पैशाची गरज आहे म्हणून नव्हे. तें देणें असतें म्हणून. आपल्या पूर्वजांनीं ही गोष्ट फार चांगली ओळखली होती. तर्पणाच्या वेळीं केवळ बाप, आजा, पणजा यांनाच पाणी देऊन माणूस थांबत नाहीं. ज्यांना कोणीही आप्त उरला नाहीं, अशांसाठींही ओंजळ सोडावयाची असते. आणि ज्यांची तिथि ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं भाद्रपदांतली सर्वपित्री अमावास्या राखून ठेविली आहे. श्राद्धावर कोणाची श्रद्धा असो वा नसो, या योजनेंतली नीति विचार करण्यासारखी आहे. तींत गुणवत्तेची अट नाहीं. पराक्रमी आजाला दोन ओंजळी आणि सामान्य आजाला एक, असा भेद तींत नाहीं. पाणी मिळण्याचा हक्क कर्तृत्वानें येत नाहीं. तो संबंधानें येतो.

कॉलेज आणि विद्यार्थी यांच्यामध्येंही असाच एक संबंध असतो काय? असतो, असें मानणाऱ्या संस्था जगांत आहेत. पहिल्या महायुद्धांत ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे पुष्कळ विद्यार्थी इंग्लंडसाठीं लढतांना पडले. त्यांचें स्मारक कॉलेजच्या प्रार्थनामंदिरांत आहे. पण त्याच कॉलेजांत पूर्वीं शिकून गेलेले तीन जर्मनही त्या युद्धांत जर्मनीच्या बाजूनें लढून मेले होते. त्यांच्या नांवांचीही एक शिला पुढें त्याच मंदिरांत बसविण्यांत आली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत फेरेन्ट्स बेकाशी या हंगेरियन विद्यार्थ्याचें नांव असेंच कोरलेलें आहे, मात्र इतरांपासून जरा निराळ्या जागीं. जो शत्रु म्हणून मेला त्यालाही "हा आमचा होता" असें म्हणण्याचें धैर्य जर एखादें कॉलेज दाखवूं शकतें, तर जो केवळ फी न भरतां आल्यामुळें गेला त्याच्याविषयीं आपण किती विचार करावा?

आपल्याकडे उदाहरण आहे तें थोडें निराळें. विलायती कपड्यांच्या होळीबद्दल १९०५ सालीं विनायक दामोदर सावरकर यांना फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहांतून काढण्यांत आलें व दहा रुपये दंड झाला. आज त्याच वसतिगृहांतली त्यांची खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. ज्याचें नांव पुढें गाजतें, त्याच्यावरची रेघ संस्था स्वतः होऊन पुसते. ज्याचें गाजलें नाहीं, त्याची रेघ तशीच राहते. मग आपण स्मरतों तें विद्यार्थ्याला कीं त्याच्या कीर्तीला?

सर्वांचीं नांवें द्यावयाचीं म्हटलें कीं दुसरी अडचण येते ती सत्याची. मेलेल्याविषयीं वाईट बोलूं नये, या समजुतीनें आपले मृत्युलेख एकाच सांच्यांतून काढल्यासारखे होतात. प्रत्येकजण मनमिळाऊ, प्रत्येकजण परोपकारी. असा लेख कोणाचाच नसतो. नांव बदललें कीं तो दुसऱ्याला चालतो. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजांतले सोबती. १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत बरोबर १०१ दिवस काढले. आणि पुढें दोघांमध्यें असा वाद पेटला कीं एकमेकांचें तोंड पाहण्याची सोय उरली नाहीं. १८९५ च्या जूनमध्यें आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षीं वारले, तेव्हां केसरींत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीं, आणि त्यांत त्यांच्या गुणांची कदर केली. त्या लेखाला वजन आहे तें, लिहिणारा मृताला खरोखर ओळखत होता म्हणून. खोट्या स्तुतीच्या दहा ओळींपेक्षां खऱ्या माहितीची एक ओळ अधिक आदराची आहे, असें मला वाटतें.

ही एक ओळ मिळविणें मात्र सोपें नाहीं. विशेषतः मुलींच्या बाबतींत आमची फार फजिती झाली. हजेरीपटांत असतें तें माहेरचें नांव; लग्नानंतर आडनांव बदलतें, वडिलांच्या नांवाच्या जागीं पतीचें येतें, आणि पुष्कळ घरांत स्वतःचें पहिलें नांवही बदलत असे. एक बाई हयात आहेत कीं नाहींत हें शोधतांना, आम्ही ज्यांच्याकडे चौकशी केली त्या गृहस्थांच्या त्याच दिवंगत आई निघाल्या! आईचें माहेरचें नांव मुलालाही चटकन ओळखूं आलें नव्हतें. विस्मृति ही नेहमीं निष्काळजीपणानेंच येते असें नाहीं. कधीं कधीं ती रीतसर, समारंभपूर्वक येते.

शेवटीं समितीनें सर्व नांवें घेण्याचें ठरविलें. मीं माझें मत बदललें तें युक्तिवादानें हरलों म्हणून नव्हे. यादी कोणी वाचणार नाहीं हा आक्षेप मला अजूनही खरा वाटतो, परंतु तो अपुरा आहे. यादी सगळी कोणीच वाचीत नाहीं. पण तिच्यांतली प्रत्येक ओळ कोणीतरी वाचतो. त्या एका वाचकासाठीं ती छापावयाची. मिलनें त्याच ग्रंथांत असेंही म्हटलें आहे कीं, आपलें खरें अनुमान सर्वांवरून एकावर येत नसून एकावरून दुसऱ्या एकावर जात असतें. सर्व माणसें मर्त्य आहेत हें फळ्यावर लिहितांना माझा हात कधीं अडखळला नाहीं. हा एक मुलगा मेला, हें लिहितांना अडखळला. आणि त्यानंतर यादींतल्या इतर नांवांकडे मला पूर्वीसारखें पाहतां येईना.

त्या मुलाच्या नांवापुढें मीं जन्ममृत्यूचीं वर्षें, गांव, आणि कॉलेजांत दीड वर्ष होता एवढें दिलें. आणि पुढें एक वाक्य लिहिलें कीं, त्यानें तर्कशास्त्राच्या वर्गांत एक मोठा प्रश्न कोणाच्याही मदतीवांचून विचारला होता, आणि त्याच्या शिक्षकानें त्याला त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. समितींत एका सभासदानें शेवटला भाग गाळावा असें सुचविलें. मीं तो गाळला नाहीं.

वडिलांना मीं सविस्तर पत्र लिहिलें. रेघेची आणि सहीची हकीकतही त्यांत होती. आठ दिवसांनीं त्यांचें कार्ड आलें. माझ्या सहीविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें. "त्याला असला विषय आवडत होता हें आम्हांला ठाऊक नव्हतें," एवढेंच मुख्यतः होतें, आणि खालीं, तो प्रश्न नक्की काय होता तो सोप्या मराठींत लिहून पाठवाल काय, अशी विचारणा. तें उत्तर मीं अजून पाठविलेलें नाहीं. चार वेळां लिहावयास बसलों आणि चारही वेळां लक्षांत आलें कीं, हा प्रश्न मी पंचवीस वर्षें शिकवीत आलों असलों तरी, तो नीट समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर आजच प्रथम आली आहे.