टाकीच्या तळाचा बोल्ट

जुन्या डिझेल पिकअपखाली पाठीवर झोपून वर पाहिलं, की टाकीच्या तळाला बहुतेक वेळा एक बोल्ट दिसतो. ड्रेन बोल्ट. गाडी पळवायला त्याचा काडीचाही उपयोग नाही. त्यानं मायलेज वाढत नाही, हौद्यात दोन क्रेट जास्त मावत नाहीत. तरीही कारखान्यात कुणीतरी त्या टाकीला भोक पाडलं, आटे पाडले, वायसर बसवला. हा खर्च कुणासाठी केला?

गाडी विकत घेणाऱ्यासाठी नक्कीच नाही. शोरूममध्ये खाली वाकून टाकीचा तळ बघणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. तो बोल्ट आहे दहा-पंधरा वर्षांनी त्या गाडीखाली झोपणाऱ्या माणसासाठी. त्याचं नाव बनवणाऱ्याला माहीत नाही, आणि त्याच्याकडून एक रुपयाही मिळणार नाही. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का? हा प्रश्न मला पुस्तकात नाही, टाकीखाली भेटला.

आधी तळाशी काय साचतं ते बघू. टाकी अर्धी रिकामी असली, की उरलेल्या जागेत हवा असते. रात्री गारवा पडला, की त्या हवेतली वाफ टाकीच्या आतल्या पत्र्यावर थेंब होऊन बसते आणि खाली ओघळते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळ गाठतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते. काळी, चिकट साय धरते. त्यात पत्र्याचा गंज मिसळतो. इंजिनाकडे डिझेल नेणारी नळी तळापासून थोडी वरच थांबते, त्यामुळे रोजच्या धावपळीत हा गाळ हलत नाही. गाडी चालते आहे, म्हणजे टाकी स्वच्छ आहे, असं आपण धरून चालतो.

बोल्ट बसवणाऱ्यानं तसं धरलं नाही. माझ्या वस्तूतही घाण साचणार, हे त्यानं आधीच मान्य केलं आणि ती काढायला वाट ठेवली. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. ‘आमच्या मालात कधी काही होणारच नाही’ असं म्हणण्यापेक्षा हे जास्त खरं आहे.

माझ्या मामांची 2003 सालची पिकअप दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. गुडघे दुखायला लागल्यापासून मामा ती चालवत नव्हते. टोमॅटोचा हंगाम आला, भाड्याच्या गाड्या मिळेनात, म्हणून ती पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली. मिस्त्री आले, बरोबर सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा. टाकीत तीसेक लिटर जुनं डिझेल होतं. मिस्त्रींनी खाली सरकून पाना लावला आणि लगेच बाहेर आले. बोल्टची सगळी टोकं झिजून तो गोल झाला होता. आधी कधीतरी कुणीतरी चुकीच्या मापाचा पाना लावून जोर केला होता. कारखान्यानं ठेवलेली वाट मधल्याच कुणीतरी बंद केली होती.

गॅसनं तापवून बोल्ट सोडवायचा विचारसुद्धा टाकीपाशी करायचा नसतो. रिकामी टाकी तर भरलेलीपेक्षा वाईट, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करताना माणसं मेली आहेत. म्हणजे आता डिझेल वरून, भरायच्या तोंडातून काढायचं. पोरानं न सांगता नळी आणली, एक टोक टाकीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरलं.

मिस्त्री ओरडले, “ए, तोंड लावू नको!”

मामा म्हणाले, “ओढू दे की. दोन मिनिटांचं काम. बाजाराची वेळ गाठायची आहे.”

“नाही मामा. पंप आणतो.”

“अहो, सगळेच ओढतात.”

“मी पण ओढायचो. एकदा ठसका लागला, आठ दिवस दवाखान्यात होतो.”

त्या ठसक्यातच सगळा धोका आहे. डिझेल पातळ असतं. पोटात गेलेल्यापेक्षा श्वासनलिकेत उतरलेलं थोडंसं डिझेल जास्त घातक ठरतं. फुप्फुसाला त्यानं रासायनिक सूज येते, ताप येतो, श्वास अपुरा पडतो. म्हणूनच डिझेल किंवा रॉकेल प्यायलेल्या माणसाला उलटी करायला लावू नका, असं डॉक्टर सांगतात. वर येताना ते पुन्हा फुप्फुसाकडे जाऊ शकतं.

मिस्त्री गावातून रबरी फुग्याचा हातपंप घेऊन आले. काही शे रुपयांची वस्तू. तिच्यामुळे काम पाऊण तास लांबलं. मामा माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांना फक्त टोमॅटो दिसत होते. पण त्या पाऊण तासाची किंमत कुणीतरी भरणारच होतं. एक तर मामांच्या वेळेनं, नाही तर पोराच्या छातीनं. मामांचा एक बाजार हुकला. मला हा हिशोब बरोबर वाटतो.

जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं 1971 साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या पुस्तकात एक कल्पना मांडली. समाजाचे नियम ठरवताना आपल्यासमोर अज्ञानाचा पडदा आहे असं समजा. पडद्यापलीकडे आपण श्रीमंत असू की गरीब, धडधाकट की आजारी, हे ठाऊक नाही. मग कसले नियम निवडाल? हाच पडदा टाकीसमोर धरून बघा. आपण कंपनीचे मालक असू, गिऱ्हाईक असू, की नळी तोंडात धरणारा पोरगा, हे माहीत नाही. मग तळाला बोल्ट ठेवाल की नाही?

उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. बोल्ट म्हणजे गळतीची एक जागा आणि डिझेलचोराची सोय. आज अनेक गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांना तो नसतो, त्यामागे अशी कारणंही असू शकतात. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या पिकअपचं उदाहरण तर विचारात पाडतं. तिथे आधी टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे असायची. 1973 ते 1987 या काळातल्या मोठ्या पिकअपमध्ये टाक्या चेसिसच्या बाहेरच्या बाजूंना गेल्या. माणसांच्या पाठीमागचं पेट्रोल हललं, पान्यालाही टाकी सहज सापडू लागली. पण बाजूनं धडकणाऱ्या गाडीलाही ती तितकीच सहज सापडली. आगी लागल्या, लोक दगावले, खटले चालले. कंपनी शेवटपर्यंत गाड्या सुरक्षित असल्याचं सांगत राहिली. डिसेंबर 1994 मध्ये सरकारशी तडजोड झाली. कंपनीनं सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी 5.1 कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं, गाड्या मात्र परत बोलावल्या गेल्या नाहीत.

म्हणून ‘उघडता येतं ते चांगलं, बंद असतं ते वाईट’ इतकं सरळ सूत्र मला पटत नाही. विचारायचं ते वेगळं आहे. ही वाट ठेवली किंवा बंद केली, तर मध्ये कुणाचं शरीर येतं? आणि निर्णय घेताना तो माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर होता का?

डिझेल उपसल्यावर मिस्त्रींनी वायर आणि नळ्या सोडवल्या, पट्टे ढिले केले आणि जॅकवर टाकी खाली घेतली. आतून तपकिरी पाणी, काळा चिखल आणि कुजलेल्या चिंधीचा तुकडा निघाला. टाकी धुऊन वाळवली. झिजलेला बोल्ट कसाबसा काढून त्यांनी नवा बसवला, नवीन तांब्याचा वायसर घातला, आट्यांना ग्रीस लावलं. मी विचारलं, ग्रीस कशाला? म्हणाले, “पुढच्या वेळी सुटायला. मीच असेन असं नाही.”

कारखान्यातल्या त्या अनोळखी माणसाचं काम मिस्त्रींनी पुढे नेलं. गोल बोल्ट करणाऱ्यानं ते तोडलं होतं. म्हणजे ही जबाबदारी एकट्या कंपनीची नाही. वस्तू ज्याच्या ज्याच्या हातातून जाते, त्या प्रत्येकाकडे ती थोडा वेळ असते.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याची बॅटरी बहुधा आत चिकटवलेली आहे. आपल्या केंद्र सरकारनं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं आणि वाहनांबरोबर मोबाइलही होते. युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, असा नियम लागू होतोय. कायदे होतील तेव्हा होतील. पण काहीही विकत घेताना आपण मायलेज विचारतो, कॅमेरा विचारतो, हप्ता विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवायला पैसे पडत नाहीत: हे बिघडल्यावर कोण उघडणार, आणि उघडताना त्याला तोंड कुठे लावावं लागणार?