गाव सोडलेले देव

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान ओलांडली की मांडवीचा धक्का लागतो. तिथली फेरीबोट दिवाडी बेटावर नेते, आणि बेटाच्या पलीकडच्या टोकावरून दुसरी फेरी नार्व्याला पोचवते. वाटेत खाजणं, भातशेती, माड, टेकडीवरचं पांढरं चर्च. याच वाटेनं एक देवही गेला. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर पूर्वी दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला.

देव जागेचा असतो की माणसांचा? शास्त्र चल आणि अचल मूर्तींत भेद करतं. अचल मूर्ती बसवली की सहसा हलवत नाहीत. ग्रामदेवता तर शिवेची राखणदार. मग १५६०च्या दशकात कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, तेव्हा त्या गावांत मागे काय उरलं? ही नवी ठिकाणं ज्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आहेत, त्यावर त्या काळी आदिलशाही होती. या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात, हे विसरता कामा नये.

जुन्या गोव्यातला संतही दुरून आलेलाच. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले. त्यांचा देह आधी मलाक्काला, मग १५५४ मध्ये गोव्यात आला. उजव्या हाताचा भाग पुढे रोमला गेला. साथींनी शहर ओस पडलं, १८४३ मध्ये राजधानीही पणजीला गेली. तरी दरवर्षी ३ डिसेंबरला त्यांच्या, म्हणजे ‘गोंयच्या सायबा’च्या फेस्ताला इथं गर्दी लोटते, आणि तीत हिंदूही असतात. याच झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मागितलं होतं. हात जोडणाऱ्यालाही हे ठाऊक असावं.

देव जागेचा की माणसांचा, या प्रश्नाचं सर्वांत समाधानकारक उत्तर कुंकळ्ळीत मिळतं. १५८३ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध उठलेलं हे गाव. इथली देवी, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण, फातर्प्याला गेली, ती आजही तिथंच आहे. पण दर फाल्गुनात बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या गुलाल उधळत मूळ गावी येतात. त्या वांगडांतली काही घराणी आज ख्रिस्ती आहेत, तरी या छत्र्यांशी असलेलं नातं त्यांनी सोडलेलं नाही. देवीचं नवं घर गावानं मनापासून मानलं आणि जुन्या जागेवरचा तिचा हक्कही बुडू दिला नाही. धर्म बदलूनही तो हक्क मानला गेला, ही गोष्ट फार मोठी आहे.

महाराष्ट्रातून प्रियोळच्या मंगेशीला गाड्या भरभरून भाविक जातात. त्यांनी एकदा वाट वाकडी करून कुठ्ठाळीला आणि दिवाडीलाही जावं, तिथल्या माणसांशी बोलावं.