ही कुणी शिवली?

आमच्या खानदेशात, जळगावला काय नि धुळ्याला काय, दुपारी चारजणी गोधडी शिवायला बसल्या, की हाताबरोबर तोंडही चालते. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या नातीचे लग्न जमले. बातमीगणिक धावदोरा पुढे सरकतो. सासूबाईंचे जुने लुगडे आणि लेकीचा परकर एका दोऱ्यात येतात. चित्राखाली चित्रकार सही करतो. गोधडीवर मात्र कुणाचेच नाव नसते.

याला आपण निरहंकार म्हणतो. मला ते फार सोयीचे वाटते. ऊब घ्यायची आणि नाव विचारायचे नाही! आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने त्यांची गाणी टिपून ठेवली. बाई १९५१ साली गेल्या; १९५२ साली पुस्तक निघाले, म्हणून नाव उरले.

नाव न मागणे हा करणारीचा मोठेपणा असेल. ते जपणे हे पांघरणाऱ्याचे कर्तव्य आहे. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत गोधडी उन्हात घालाल, तेव्हा घरातल्या वडीलधारीला विचारा, ‘माय, ही कुणी शिवली?’ आणि ती सांगेल ते नाव वहीत लिहून ठेवा.