पुट्टीखालचा पत्रा

आजचे चिंतन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातले.

भगवंत ज्ञानाची लक्षणे सांगतात. पहिले अमानित्व, दुसरे अदंभित्व, पुढे आर्जव. नसलेले मिरवणे म्हणजे दंभ, असे मी समजत होतो. असलेले झाकणे हाही दंभच, हे काल गाडी खरवडताना कळले.

बाबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. सुट्टीच्या दिवशी मी तिचा जुना रंग काढतोय. रंगाखाली पुट्टी कुठे आहे हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे लोहचुंबक. पत्र्याला ते चिकटतं, पुट्टीचा जाड थर असला की घसरतं. डाव्या मागच्या मडगार्डवर ते घसरलं. मला आश्चर्य वाटलं नाही. ती पुट्टी मीच भरून घेतली होती.

कॉलेजात असताना बाबा गावाला गेले होते. न विचारता गाडी काढली आणि खांबाला घासली. पत्रा नीट ठोकून, साफ करून घ्यायला वेळ नव्हता. घाईघाईत खड्डा भरला, वर रंग मारला. पुढे बाबांनी ओळखीच्या पेंटरकाकांकडून सगळी गाडी रंगवून घेतली. दोन पावसाळ्यांत नेमका तिथेच रंग फुगला. पुट्टी ओल धरते, आतून गंज पसरतो. बाबा म्हणाले, "फसवलं याने आपल्याला," आणि 20 वर्षांची ओळख तोडली. मी गप्प बसलो.

काल 80 नंबरच्या पॉलिश पेपरने थर उतरवला, तर खाली पत्र्याची चाळण. बोट आरपार गेलं. मी रोज पोथी वाचतो, इथे लिहितो, आणि माझ्या चुकीचा डाग इतकी वर्षं एका कारागिराच्या नावावर आहे.

गंजावर नुसता रंग मारून चालत नाही. सडलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, मग प्रायमर, मग रंग. पश्चात्तापाचंही तसंच. देवासमोर मनातल्या मनात कान धरणं सोपं आहे. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जायला हवं.

रात्री बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्याला चार लोकांत बोललोय रे. मीही येतो."

आज दहा वाजता निघतोय. काका काय म्हणतील, माहीत नाही. माउली, आयत्या वेळी शब्द फिरवायची बुद्धी मला होऊ देऊ नकोस.

तुमचंही चुंबक कुठे घसरत असेल, तर आज तिथे थोडं खरवडून बघा.

राम कृष्ण हरि.